मनोरे कुणाच्या मालकीचे?

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे 6 जून 2005 रोजी विभाजन झाले. निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन कंपन्या झाल्या, त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी आली. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली, तरी बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यात लाईट गेली की माणसे बोर्डालाच फोन लावतात.

मंडळाची स्थापना 20 जून 1960 ची. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटून तेव्हा बारा वर्षेही झाली नव्हती. मुंबईला टाटांची वीज होती. बालाघाटच्या माळावर चार-दोन मोटारींसाठी खांब रोवायला कोणता व्यापारी आला असता? मंडळ आले, कारण नफा हे त्याचे पहिले काम नव्हते. 1971 मध्ये परळीला वीजकेंद्र सुरू झाले आणि बीड जिल्हा राज्याला वीज देऊ लागला. 1999 मध्ये चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची, 1500 मेगावॅट वाहून नेणारी एकदिश प्रवाहाची वाहिनी मंडळानेच उभी केली. सार्वजनिक संस्थेने केलेल्या कामांत ते मोठे काम होते, आणि त्याचा अभिमान आम्हाला वाटतो.

त्याच 1999 मध्ये दाभोळ प्रकल्पाची महागडी वीजही गळ्यात पडली. दोन वर्षांत ती परवडेना म्हणून घेणे थांबवावे लागले. कृषिपंपांची थकबाकी वाढतच होती. 2004 च्या निवडणुकीआधी मोफत विजेची घोषणा झाली, निवडणुकीनंतर ती मागे घेतली गेली. दरम्यान 2003 च्या वीज कायद्याने विभाजनाची वाट आखून ठेवली होती. मंडळ खचले ते चुकीच्या करारांनी आणि मतांच्या हिशेबाने. तारा आणि मनोरे शाबूतच होते.

पारेषणाची किंमत आपल्या जिल्ह्याला 2015 च्या दुष्काळात कळायला हवी होती. पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद पडले, पण बीडचे दिवे विझले नाहीत. दूरवरची वीज तारांवरून येत राहिली. उलट 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघे भागातल्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबईच्या लोकल जागेवर थांबल्या. विभाजनातून झालेल्या पारेषण कंपनीची, महापारेषणची, ती नामुष्कीच होती. पण त्यावर उपाय वाहिन्या वाढवणे आणि देखभालीला माणसे देणे हाच आहे.

मात्र नव्या मोठ्या वाहिन्या आता स्पर्धात्मक बोलीने दिल्या जातात. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात पवन आणि सौर विजेसाठी कळंबचे उपकेंद्र खासगी कंपनीने उभारले आणि परळी-पुणे ही 400 केव्ही वाहिनी त्याला जोडली. काम झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण येत्या काळातली सगळी नवी वीज माळावरच्या पवनचक्क्यांतून आणि सौर पट्ट्यांतून यायची असेल, आणि तिच्या वाहिन्या एकेक करून बाहेर जाणार असतील, तर महापारेषणकडे जुनी उपकेंद्रे आणि जुनी देखभाल एवढेच उरेल. ग्राहकांच्या पैशातून साठ वर्षांत जमा झालेले कौशल्य असे वाया घालवणे आम्हाला मान्य नाही.

शेतकऱ्याचे गाऱ्हाणे आणखी वेगळे आहे. मनोरा उभारताना जमीन संपादित होत नाही, 1885 च्या तार कायद्यातले अधिकार वापरले जातात. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, पण मनोऱ्याखालचा तुकडा कसायला मिळत नाही. मंडळाच्या काळात ‘सरकारी काम आहे’ म्हणून लोकांनी ते सोसले. उद्या तोच कायदा दाखवत कंपनीचा ठेकेदार बांधावर आला, तर तेवढ्या समजुतीची अपेक्षा कुणी धरू नये. बोली लावताना राज्याने महापारेषणला मैदानात उतरवावे, त्यासाठी भांडवल द्यावे, आणि मनोरा कुणाचाही असो, मोबदल्याची रक्कम काम सुरू होण्याआधी शेतकऱ्याच्या खात्यात जमा करावी.