गेलेली स्पर्धा आणि उरलेली स्पर्धा

फेडरर मोठा, नदाल मोठा की जोकोविच मोठा, या वादात मी हल्ली पडत नाही. ज्यांच्याशी वाद घालायचो त्यातले निम्मे मुलांकडे पुण्या-मुंबईला गेले आणि काही त्याहूनही लांब गेले. तरी एकदाचं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

फेडररचा खेळ म्हणजे मोत्यासारखं अक्षर. उत्तर चुकलं तरी गुण कापायला मास्तरांचा हात धजावत नाही. नदालचं घर सुखवस्तू, पण खेळ कष्टकऱ्याचा. पहाटे उठून पाढे घोटणारा विद्यार्थी जसा असतो तसा. आणि जोकोविचचा पेपर हातात घेतला की लाल पेन नुसतं धरून बसावं लागतं, कापायला जागाच नाही. असा विद्यार्थी मास्तरांना मनातून फारसा आवडत नाही, हे तेहतीस वर्षं शिकवल्यावर खात्रीने सांगतो. पण निकाल तो निकाल. ग्रँड स्लॅम अनुक्रमे २०, २२ आणि २४. १४ जुलै २०१९ ला विंबल्डनच्या अंतिम सामन्यात फेडरर पाचव्या सेटमध्ये ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याची, ४०-१५, म्हणजे विजेतेपदाचे दोन पॉइंट हातात. आणि तिथून जोकोविच १३-१२ ने जिंकला. त्याच संध्याकाळी क्रिकेट विश्वचषकाची फायनल होती. सगळी गल्ली इंग्लंड-न्यूझीलंडच्या सुपर ओव्हरमध्ये बुडालेली, आणि एकट्या आमच्या घरात सुतक!

शेजारच्या आजींनी मागे एकदा मला टीव्हीसमोर बसलेलं पाहून विचारलं होतं, "गुरजी, हाऊ काय खेय शे? चेंडू आथा जास, तथा जास, अन् तुम्ही मान हालावतस!" खानदेशात टेनिसचा शौक असणं म्हणजे जरा एकांतवासच आहे. माझ्या साऱ्या नोकरीत शाळेच्या क्रीडासाहित्यात मी टेनिसची रॅकेट पाहिली नाही. लेझीम होते, कबड्डीचं मैदान होतं, खो-खोचे खांब होते. टेनिस वर्तमानपत्रात यायचं आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या शेवटी, तेही डेव्हिस कप असला तर.

आणि डेव्हिस कपमुळेच मला हा खेळ लागला. १९७४ साली भारताने पुण्यात सोव्हिएत रशियाला ३-१ ने हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. समोर होता दक्षिण आफ्रिका. तिथल्या वर्णभेदाच्या निषेधार्थ आपण खेळलोच नाही आणि कप त्यांना गेला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं आणि अभिमानही वाटला होता. दोन्ही अजून तसंच वाटतं.

पण माझा खरा खेळाडू विचाराल तर रमेश कृष्णन. अंगाने जरा गुबगुबीत, सर्व्हिस अशी हळू की समोरच्याला वाटावं हा सराव करतोय. पण चेंडू असा अलगद ठेवायचा की धावणाऱ्याची फजिती व्हावी. १९८७ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना शेवटच्या लढतीत वॉली मझूरला हरवून त्याने भारताला अंतिम फेरीत नेलं. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला मॅट्स विलँडरला घरी पाठवलं. विलँडर तेव्हा जगात पहिला होता! आजच्या ताकदीच्या खेळात रमेश टिकला नसता असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. बैलगाडी रेल्वेपुढे टिकत नाही, पण म्हणून बैलांची चाल वाईट ठरत नाही.

असो. सांगायचं होतं ते निराळंच.

आपल्याकडे हे टेनिसचं वेड सगळं टीव्हीतलं. पॅरिसचं पाहायचं, लंडनचं पाहायचं, मेलबर्नचं पाहायचं आणि हळहळायचं. २०२५ च्या फ्रेंच ओपनला अल्काराझ आणि सिनर ५ तास २९ मिनिटं लढले. सिनरच्या हातात तीन मॅच पॉइंट आले आणि गेले, त्याबद्दल मला दहा जणांचे फोन आले. पण आपल्या महाराष्ट्रातून एक आख्खी जागतिक स्पर्धा उठून गेली तेव्हा एकाचाही फोन आला नाही.

त्या स्पर्धेची हकीकत थोडक्यात अशी. पुरुषांच्या एटीपी दौऱ्यातली भारतातली ही स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीला सुरू झाली आणि पुढच्या वर्षीपासून २०१७ पर्यंत चेन्नईला भरत होती. वाव्रिंकाने ती चारदा जिंकली. २००८ मध्ये नदाल तिथे उपांत्य फेरीत आपल्याच देशाच्या मोयाशी जवळजवळ चार तास झुंजला, आणि दुसऱ्या दिवशी थकलेल्या अंगाने अंतिम सामना ०-६, १-६ असा हरला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने विंबल्डनला फेडररला हरवलं. विंबल्डनची ती लढत सगळ्यांना पाठ आहे, चेन्नईचा तो पराभव कुणाला आठवत नाही.

२०१८ मध्ये स्पर्धा पुण्याला आली, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत. पहिल्या वर्षी सिमाँ जिंकला, मग अँडरसन, मग व्हेसेली. २०२१ ला कोरोनामुळे झाली नाही. २०२२ ला सूझा, २०२३ ला ग्रीकस्पोर. एवढ्या पाच. २०२४ च्या वेळापत्रकात वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पाहिलं तर पुण्याच्या जागी हाँगकाँग. अडीचशे गुणांच्या लहान स्पर्धा जगभरच कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे गेलेली परत मिळणंही अवघड.

यातली २०१९ ची फायनल मी बालेवाडीत बसून पाहिली. (भाचा पुण्यात असतो, तिकिटं त्याने काढली. मी फक्त भरताची वांगी नेली.) केव्हिन अँडरसन सहा फूट आठ इंच आणि इव्हो कार्लोविच सहा फूट अकरा. शाळेच्या वर्गाच्या दारातून जाताना कार्लोविचला नक्की वाकावं लागलं असतं. वय ३९. तिन्ही सेट टायब्रेकला गेले, शेवटचा टायब्रेक अँडरसनने ७-५ असा घेतला. जाणकार म्हणतात की असला नुसत्या सर्व्हिसचा सामना कंटाळवाणा. टीव्हीवर असेलही. पण तिथे बसल्यावर कळतं की टीव्ही आपल्याला काय दाखवत नाही. तो आवाज! ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. आणि चेंडू टप्पा पडून केवढा उसळतो, ते पडद्यावर चपटं दिसतं. समोर उभा राहणारा माणूस घाबरत कसा नाही याचं मला तीन सेट नवल वाटत होतं. माझ्या मागच्या रांगेत दहा-बारा वर्षांची दोन मुलं होती. ती प्रत्येक सर्व्हिसला खांदा हलवून तशीच नक्कल करून पाहत होती. ती स्पर्धा कुणासाठी होती, तर त्या दोघांसाठी.

आता इथे आमचे एक निवृत्त मित्र मुद्दा काढतात. म्हणतात, गुरुजी, एकवीस वर्षं चेन्नईला आणि पाच वेळा पुण्याला स्पर्धा झाली, एकेरीत एक तरी भारतीय जिंकला का? नाही जिंकला, हे खरं आहे. मग पैसे कशाला घालवायचे? मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो तसा नाही. यजमान देशाला अशा स्पर्धेत काही वाइल्ड कार्डं मिळतात. म्हणजे क्रमवारी कमी पडत असली तरी आपल्या मुलाला थेट मुख्य फेरीत खेळवता येतं. सोमदेव देववर्मन २००९ मध्ये चेन्नईला वाइल्ड कार्डावरच आत आला, त्याने मोयाला हरवलं आणि थेट अंतिम फेरीपर्यंत गेला. तिथे चिलिचने त्याला हरवलं, पण सोमदेव कोण हे त्या आठवड्यात देशाला कळलं. परदेशातल्या स्पर्धेत त्याला ते दार कुणी उघडलं असतं?

पुण्याच्या शेवटच्या वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, मानस धामणे नावाच्या पुण्याच्याच मुलाला असं कार्ड मिळालं. वय १५! आपल्याकडे त्या वयात मुलं दहावीच्या क्लासला जातात. समोर अमेरिकेचा मायकल म्मो. मानस २-६, ४-६ असा हरला, पण दुसऱ्या सेटमध्ये त्याने चार गेम काढले. हा मुलगा इटलीत रिकार्डो पियाटी यांच्या अकादमीत शिकायला गेलेला. सिनरला घडवलं तेच पियाटी. म्हणजे शिकायला इटली, आणि आता एटीपी दौऱ्यात खेळायलाही हाँगकाँग किंवा आणखी कुठे. घरच्या प्रेक्षकांसमोर तो मुख्य फेरीत एकदाच खेळला, आणि त्याच वर्षी स्पर्धा संपली. मला खंत आहे ती ही. सिनरच्या तीन मॅच पॉइंटांचं दुःख सिनर पाहून घेईल.

दुसरी एक गोष्ट मला खटकते. आपली माणसं दुहेरीत जिंकतात म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. "दुहेरीच ना?" असं म्हणतात. अहो, लिअँडर पेसने १९९६ ला अटलांटात ब्राँझ मिळवलं ते एकेरीत. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर ४४ वर्षांनी आलेलं ते आपलं वैयक्तिक पदक. पण समजा फक्त दुहेरीच धरली, तरी रोहन बोपण्णाने ४३ व्या वर्षी, २०२४ ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, त्याला नुसती दुहेरी म्हणायचं? त्याचा जोडीदार मॅथ्यू एब्डन. तोच एब्डन २०२० ला बालेवाडीत पेसच्या जोडीने खेळला होता. तेव्हा पेस ४६ वर्षांचा होता.

आणि आपली ऋतुजा भोसले! जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जाताना मनमाड, कोपरगाव झालं की बेलापूर स्टेशन लागतं. तेच श्रीरामपूर, ऋतुजाचं जन्मगाव. मुंबई नाही, पुणे नाही, उसाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. तिने बोपण्णाबरोबर ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-३, आणि निर्णायक टायब्रेक १०-४. त्या सामन्यात बोपण्णाचं नाव मोठं होतं, पण सर्व्हिस परतवायला ती पाय रोवून उभी राहिली नसती तर नावाने काही झालं नसतं. जिंकल्याच्या बातमीत दुसऱ्या दिवशी पहिलं नाव बोपण्णाचं होतं, तेवढं सोडून देऊ.

श्रीरामपूरला होतं तर धुळ्याला, जळगावला का नाही, असं मी एकदा एका माजी विद्यार्थ्याला विचारलं. तो आता क्रीडाशिक्षक आहे. तो म्हणाला, सर, ऊन. मला हसू आलं. २०१४ मध्ये मेलबर्नला सलग चार दिवस पारा ४० च्या वर गेला, खेळाडू कोर्टावर कोसळले, जगभर बातम्या झाल्या. आमच्याकडे त्याला एप्रिल म्हणतात. ऊन हे कारण नाही. सकाळी सहाला कोर्टावर या, आठला घरी जा. खरं कारण असं की रॅकेट महाग, चेंडू महाग, शिकवणारा मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे पोराने हा खेळ डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो. जे पाहिलं नाही ते मागणार कसं? पुण्यातल्या मुलाने बालेवाडीत पाहिलं. आमच्या पोरांनी तेही नाही.

मात्र बालेवाडी अगदी ओस पडली असं नाही, आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितो. एटीपीची मोठी स्पर्धा गेली तरी तिच्या खालची, चॅलेंजर दर्जाची स्पर्धा २०२४ आणि २०२५ मध्ये तिथेच झाली. नावं ओळखीची नसतात. शंभराच्या खालचे, दोनशेच्या खालचे खेळाडू, एकेका गुणासाठी आज या देशात तर पुढच्या आठवड्यात त्या देशात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशेरो जिंकला. अंतिम फेरीत ॲडम वॉल्टनविरुद्ध पहिला सेट हरला, पुढचे दोन्ही टायब्रेकमध्ये ७-५, ७-५ असे घेतले. पेपरात दोन ओळी आल्या असतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच वाशेरो क्रमवारीत २०४ वा असताना शांघायला पात्रता फेरीतून आत आला, उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलं, अंतिम फेरीत स्वतःच्या मावसभावाला हरवलं आणि मास्टर्स स्पर्धा जिंकली. इतक्या खालच्या क्रमांकाचा मास्टर्स विजेता त्याआधी झालेला नाही.

तो वाशेरो त्या फेब्रुवारीत आठवडाभर बालेवाडीत खेळत होता. पुढच्या वेळी स्पर्धेच्या तारखा लागल्या की मला कळव, असं भाच्याला सांगून ठेवलं आहे. गुडघा बरा असला तर गल्लीतल्या दोन पोरांना बरोबर नेणार आहे. त्यातल्या एकाने परवा विचारलं की शून्याला लव्ह का म्हणतात. मी म्हटलं, चल, आधी पाहून तर ये.