शांत आकडा, पिवळी ग्रिल

माझ्या मामाचं भोसरीत पावडर कोटिंगचं छोटं शेड आहे. ग्रिल, रॅक, असला माल. विजेवर चालणारा ओव्हन, तापमान १९० अंशांवर धरायचं. परवा कंट्रोलरवरचा आकडा नाचायला लागला. १८४, १९६, १८८... मामाचा फोन, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा." (आमच्या घरी वायर असलेली प्रत्येक वस्तू म्हणजे कॉम्प्युटर. असो.)

शनिवारी गेलो. मॅन्युअल चाळलं, इनपुट फिल्टरचं सेटिंग सापडलं, ते वाढवलं. डिस्प्ले एकदम शहाण्या मुलासारखा गप्प. मामा खूश. मिसळ खाऊन मी घरी.

पुढच्या आठवड्यात पांढऱ्या ग्रिलचा अख्खा लॉट पिवळट निघाला. गिऱ्हाइकाने परत पाठवला. मामा मला काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

फिल्टर म्हणजे साधारणपणे मागच्या रीडिंगची सरासरी. पण खोट्या आकड्यांची सरासरी काढून खरा आकडा कसा मिळणार? दुसऱ्या मीटरचा प्रोब आत सोडला, तर डिस्प्लेवर १९० आणि आत चक्क २१५!

झालं होतं असं, की थर्मोकपलची वायर आखूड पडली म्हणून कोणीतरी साध्या तांब्याच्या वायरने वाढवली होती, आणि जोड ओव्हनच्या गरम भिंतीला टेकलेला. के टाइप थर्मोकपल एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं, तेही दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाचे. कंट्रोलर समजतो, थंड टोक माझ्या टर्मिनलपाशी आहे, ३० अंशांवर. प्रत्यक्षात ते त्या जोडापाशी, ५५ अंशांवर. मधले २५ अंश गायब! जोडाला वारा लागला की आकडा सरकणार. त्यात ही वायर हीटरच्या २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेलेली. मायक्रोव्होल्टचा तिथे काय निभाव लागणार?

आता तुम्ही म्हणाल, फिल्टर काय वाईट असतो का? नसतो. पण तो सगळ्यात शेवटी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोडच आहे, एरर दिसली की ती दिसणं बंद करायचं आणि बग क्लोज. तो नाचणारा आकडा बिचारा ओरडून सांगत होता, की वायरिंग बघा. मी त्याचंच तोंड दाबलं.

मग कॉम्पन्सेटिंग केबल आणली, प्लस-मायनस दोनदा तपासून जोडली, वेगळ्या पाइपातून नेली. फिल्टर पूर्वीसारखा केला. आकडा एखाद-दुसरा अंश हलतो.

"अजून हलतोय की रे," मामा म्हणाला.

"हलू दे, मामा. आत प्रोब सोडून बघितलंय."