ध्येयाचा रकाना

मंडळी, गेले दोन विकांत मी एका फॉर्मपुढे बसून घालवलेत. पुढच्या महिन्यात एक कोडिंग बूटकॅम्प सुरू करतोय (विद्यार्थी म्हणून, गैरसमज नको). चोवीस आठवडे, रोज रात्री साडेआठ ते साडेअकरा, शनिवार-रविवार पूर्ण दिवस. फी दोन लाख दहा हजार, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता भरून झालाय, आणि आता क्लास सुरू व्हायच्या आधी ‘आत्मचिंतन’ करून पाठवायचंय. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? तुमची तीन स्मार्ट ध्येयं लिहा. तुमचं ‘का’ काय आहे? फॉर्म अर्थातच इंग्रजीत आहे, भाषांतर माझं. पण इंग्रजीतही तो इतकाच चमत्कारिक वाटतो.

माझं ‘का’ म्हणजे काय, तर सपोर्ट प्रोजेक्टवर पाच वर्षं तिकिटं बंद करून कंटाळा आलाय आणि माझ्याबरोबर जॉइन झालेला रूममेट आता माझ्या दुप्पट पगार घेतो. हे तीनशे शब्दांत कसं लिहायचं? पहिल्या शनिवारी तासभर प्रयत्न केला आणि मग सरळ चॅटजीपीटीला विचारलं. दहा सेकंदांत तीन ध्येयं हजर! मोजता येणारी, मुदत असलेली, वर थोडा समाजाचा कळवळाही. वाचून मीच भारावलो. मग बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्यांनी आपापली उत्तरं टाकली. माझ्यासारखा मेकॅनिकलवाला, एक बी.कॉम. मुलगी, एक चाळिशीचे गृहस्थ, दोन फ्रेशर. सगळ्यांना ‘स्केलेबल सिस्टिम’ बांधायच्यात, सगळ्यांना ‘इम्पॅक्ट’ करायचाय. चिंतन सगळ्यांनी एकाच दुकानातून आणलेलं.

माझा नेमका यावरच आक्षेप आहे. जे यंत्र मला ओळखतही नाही ते ज्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं देतं, तो प्रश्न माझ्याबद्दल नाहीच. ध्येय लिहायला काहीही लागत नाही हो. मी दहावीत लिहिलंय, कॅम्पसच्या वेळी लिहिलंय, दरवर्षी अप्रेझलमध्ये लिहितोय. लिहायचाच असेल तर मागचा हिशेब लिहायला लावा. तो अवघड असतो, आणि कोणाकडून लिहून घेता येत नाही.

बरं, हे ‘स्मार्ट’ प्रकरण मुळात काय आहे ते एकदा बघा. १९८१ साली जॉर्ज डोरान नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने व्यवस्थापकांच्या मासिकात एक छोटा लेख लिहिला. हा माणूस आधी एका वीज-पाणी कंपनीत नियोजनाचं काम बघायचा. लेखाचा विषय होता, कंपनीतल्या साहेबांनी खात्याची उद्दिष्टं कशी लिहावीत. एकट्या माणसाने रविवारी दुपारी आयुष्याचं काय करावं हा विषयच नव्हता. आणि गंमत म्हणजे त्याच्या मूळ लेखात ‘ए’ म्हणजे ‘साध्य होण्याजोगं’ असं नव्हतं. ‘ए’ म्हणजे काम कोणाच्या अंगावर टाकायचं ते, म्हणजे ‘कोण करणार?’

हे वाचलं आणि मी जरा गप्प बसलो. कारण माझ्या ध्येयाला हा प्रश्न विचारला तर खरं उत्तर काय? ‘बॅकएंड इंजिनियर होणे. कोण करणार? बूटकॅम्प करणार.’ मी दोन लाख दहा हजार देऊन ते काम दुसऱ्याच्या अंगावर टाकलंय. हप्ता भरला त्या रात्री मला जी शांत झोप लागली ना, ती शिकायला मिळणार म्हणून नव्हती. सुटलो एकदाचा, अशी झोप होती ती!

मग दुसऱ्या शनिवारी मी फॉर्म बाजूला ठेवला आणि मागचं उकरायला बसलो. विकत घेतलेले ऑनलाइन कोर्स नऊ (सगळे ‘फक्त आज ४४९ रुपये’वाले). पूर्ण केलेला एक, आणि तोही एक्सेलचा. बाकी आठ कुठे थांबले बघितलं, तर बहुतेक सगळे तिसऱ्या प्रकरणात, म्हणजे जिथे बघून टाइप करणं संपतं आणि स्वतः काहीतरी करा असं सांगतात तिथे. गिटहबवर वर्षभराचे हिरवे चौकोन चौदा. त्यातले अकरा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातले. लॅपटॉपवर ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘नवीन_फायनल’ अशा नावांची फोल्डरं. रात्री नऊ ते अकरा मी काय करतो याचा हिशेब तर फोनने स्वतःच ठेवला होता. तो आकडा इथे देत नाही. आमच्या घरचेही हे वाचतात.

पण खरा दणका पुढेच होता. उकरता उकरता एक जुनी वही सापडली, जॉइन झालो तेव्हाच्या ट्रेनिंगची. मी विसरूनच गेलो होतो! कंपनीने आम्हाला तीन महिने सकाळी नऊ ते सहा बसवून जावा शिकवलं होतं. वर पगार दिला होता, हॉस्टेल दिलं होतं, दर शुक्रवारी परीक्षा होती. म्हणजे बूटकॅम्प मी एकदा करून बसलोय. फुकट, उलट पैसे घेऊन. मग सपोर्टला टाकलं, आणि सहा महिन्यांत सगळं वाहून गेलं. त्या वहीच्या पहिल्या पानावर, ट्रेनरने लिहायला लावलं म्हणून, माझ्याच अक्षरात काय असावं? ‘पाच वर्षांनी: टेक्निकल आर्किटेक्ट.’

पाच वर्षं झाली. तिकिटं बंद करतोय.

तेव्हा आता जर कोणी मला विचारलं की बूटकॅम्पला जायच्या आधी काय करावं, तर मी एवढंच म्हणेन की हा प्रश्न स्वतःला विचार: ह्याआधी शिकवलेलं कुठे गेलं? चोवीस आठवडे कोणीतरी तुम्हाला हाकत नेईल, आणि पंचविसाव्या आठवड्यात परत तुम्ही आणि तुमचा सोमवार. मूळ बूटकॅम्प म्हणजे अमेरिकन सैन्यातल्या नव्या भरतीचं ट्रेनिंग. पण सैन्यात ते संपल्यावरही उठवायला कोणीतरी असतंच. आमच्या वाकडच्या फ्लॅटवर दूधवालासुद्धा बेल वाजवत नाही.

संस्थांना मात्र ध्येय आवडतं, कारण त्यांच्याकडचा माल भविष्यकाळात असतो. अमेरिकेत २०१७ साली लॅम्ब्डा स्कूल नावाची संस्था निघाली. आत्ता काही देऊ नका, नोकरी लागल्यावर पगारातून द्या, अशी योजना. पन्नास हजार डॉलरच्या वर कमवायला लागलात की १७ टक्के, २४ हप्ते, जास्तीत जास्त तीस हजार डॉलर. पुढे नाव बदलून ब्लूमटेक झालं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने कारवाई केली. ‘हे कर्ज नव्हे’ असं सांगितलं होतं ते कर्जच निघालं. जाहिरातीत ८६ टक्क्यांपर्यंत नोकऱ्या लागल्याचे आकडे होते, आणि संस्थेचे स्वतःचे आतले आकडे होते पन्नासच्या आसपास, काही बॅचना तर तीस. संस्थेला ग्राहकांना कर्ज देण्याची कायमची बंदी झाली. आता त्या विद्यार्थ्यांकडे ध्येय नव्हतं का? भरपूर असणार, ठरलेल्या मुदतीचं आणि मोजता येणारं. त्यांना हवा होता समोरच्याच्या मागच्या बॅचचा खरा हिशेब, आणि नेमका तोच मिळाला नाही. म्हणजे हिशेब त्यांच्याकडे मागा आणि स्वतःकडेही मागा, एवढाच माझा हट्ट. आमच्या काउन्सेलर बाईंना मी फोन करून विचारलं, मागच्या बॅचमधले किती जण शेवटपर्यंत टिकले? त्या म्हणाल्या, “सर, आधी तुम्ही तुमचं व्हिजन क्लिअर करा.” घ्या!

माझा एक मित्र मानसशास्त्रवाला आहे, तो यावर चिडला. म्हणाला, एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी कित्येक दशकं घालवून दाखवलंय की नेमकं आणि अवघड ध्येय ठेवलं की माणसं जास्त काम करतात, तू काय उडवून लावतोस? मान्य. त्यांच्यापुढे मी कोण! पण त्याच संशोधनातली दुसरी गोष्ट तो सांगायची विसरला. काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल, अजून जमतच नसेल, तर ‘अमुक निकाल लावीन’ या ध्येयापेक्षा ‘अमुक गोष्ट कशी करतात ते शिकीन’ हे ध्येय जास्त उपयोगी पडतं. आता बूटकॅम्पच्या फॉर्ममध्ये ‘पॅकेज’ असा वेगळा रकाना आहे. कशाचं कोड लिहिता येत नाही, याला रकाना नाही.

(आणि कृपा करून ‘म्हणजे तू बूटकॅम्पच्या विरोधात’ असा निष्कर्ष काढू नका. आपल्या पुण्यात सी-डॅकचा डॅक कोर्स ‘बूटकॅम्प’ हा शब्द आपल्याकडे रुजायच्या कितीतरी आधीपासून चालतो. सहा महिने, दिवसभर, घाम काढणारा. त्यातून निघालेली उत्तम माणसं मी रोज हापिसात बघतो. पण तिथे आत जायला सी-कॅट परीक्षा द्यावी लागते. तुमचं स्वप्न काय हे विचारत नाहीत, तुम्हाला आत्ता काय येतं ते विचारतात. पीटर नॉर्विगने ‘दहा वर्षांत प्रोग्रामिंग शिका’ असा निबंध लिहिला होता, ‘एकवीस दिवसांत शिका’ छाप पुस्तकांना वैतागून. ते काही वाचायला गोड नाही. पण निदान दिवस खरे मोजलेत.)

असो. हिशेबात दोनच गोष्टी जमेच्या बाजूला निघाल्या. एक, दर शुक्रवारी संध्याकाळी तिकिटांचा रिपोर्ट एक्सेलमध्ये जुळवायला तीन तास लागायचे, त्याची मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. तीन विकांत लागले. आता चार मिनिटांत होतं, आणि आमची अख्खी टीम ती वापरते. त्यासाठी मी कुठलंही ध्येय लिहिलं नव्हतं. मला शुक्रवारची रात्रीची कराडची गाडी पकडायची असायची, बस्स.

दुसरी गोष्ट अर्धी आहे. कराडला आईचा बचत गट आहे. चौदा बायका, महिन्याला दोनशे रुपये, त्यातूनच आपसात कर्ज, दोन टक्के महिना. सगळा हिशेब आईच्या लांब वहीत. दोन वर्षांपूर्वी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, मी तुला प्रोग्रॅम करून देतो. केलाही अर्धा. जमा-नावे झालं, दंड झाला. अडलो ते अर्धवट परतफेडीपाशी. एखादीने हजाराच्या जागी सहाशेच आणून दिले तर आधी व्याज वळतं करायचं आणि उरलेलं मुद्दलात, आणि पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या मुद्दलावर. शिवाय बैठक यात्रेमुळे पुढे गेली तर व्याज किती दिवसांचं? (आई म्हणते, महिन्याचंच, दिवस कोण मोजतंय. प्रोग्रॅमला हे सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या असत्या.) तिथे कंटाळलो आणि नवा कोर्स विकत घेतला, ४४९ रुपयांत.

गेल्या रविवारी फोनवर आई म्हणाली, “अरे, ते तुझं कंप्युटरचं झालं का? नाही, घाई नाही. मी आपली वहीत लिहितेच आहे.” मी म्हणालो, अगं, आता मोठा क्लास लावलाय, त्यानंतर एकदम नीट करतो. ती म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’मध्ये काहीही टोमणा नव्हता, खरंच नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

जे दोन वर्षांत अडलंय त्याला चोवीस आठवड्यांचा क्लास लागत नाही. लागतात दोन संध्याकाळी आणि एक कागद. हे मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं असं नाही.

फॉर्मची मुदत आज रात्री बाराची आहे. ‘पाच वर्षांनी’च्या रकान्यात मी चौदा हिरवे चौकोन, नऊ कोर्स आणि ती जुनी वही, असं सगळं लिहून टाकलंय. बाईंना काय वाटेल ते वाटो. ध्येयाच्या रकान्यात तीन लिहायची होती, मी एकच लिहिलं: अर्धवट परतफेडीचा हिशेब बरोबर लावणे, कोण करणार: मी. दुसरा हप्ता एकवीस दिवसांनी आहे. तोपर्यंत गटाच्या पुढच्या बैठकीत आईने वही मिटून लॅपटॉपवर चौदा जणींचा हिशेब वाचून दाखवला, तर हप्ता भरणार. नाहीतर पहिले सत्तर हजार गेले असं समजून नाव काढून घेणार. रूममेट म्हणतो, सत्तर हजार पाण्यात घालतोस, वेडा आहेस.

चला, आईला फोन करायचाय. यात्रेमुळे बैठक किती दिवस पुढे जाते ते एकदा नीट विचारून घेतो.