सुईला दोष, गाठीला माफी

"गाठीला डिवचू नका, चवताळेल." फुप्फुसात गाठ निघाली की हे बजावायला चार नातेवाईक हमखास येतात. दाखलाही तयार असतो: अमक्याला बायोप्सीची सुई लावली, ऑपरेशन झालं आणि वर्षभरात कॅन्सर मेंदूत गेला! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, याउपर त्यात काही नाही. ऑपरेशननंतर आजार उलटतो तो बहुधा पेशी आधीच रक्तातून, लसिकेतून निसटलेल्या असतात म्हणून. त्या सीटीत काय, पेट स्कॅनमध्येही दिसत नाहीत. पहिल्या टप्प्यातच काढलेल्या, कधी सुई न लागलेल्या गाठीही काहींच्या नशिबी परत येतात.

मग सुई निर्दोष? तसंही नाही. "काही होत नाही हो" म्हणत संमतीपत्र पुढे सरकवणाऱ्या डॉक्टरांशीही माझं भांडण आहे. साधारण पाचातल्या एकाच्या छातीत हवा साचते. बहुतेकांची आपोआप जिरते, थोड्यांना नळी घालावी लागते. काहींना खोकल्यातून रक्त पडतं. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं शंभरात एकाहूनही कमी. मात्र गाठ फुप्फुसाच्या आवरणालगत आणि रुग्ण तरुण असेल, तर त्या आवरणात आजार उलटण्याचं प्रमाण सुईनंतर वाढलेलं अभ्यासांत दिसलंय. अशा वेळी, संशय दाट असेल तर, थेट गाठ काढून टेबलावरच फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासणी, करणं बरं. वृषणाच्या गाठीला तर डॉक्टर सहसा सुई लावतच नाहीत.

पण सुईला भिऊन आपल्याकडे काय होतं? एक्स-रेत डाग दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू. सहा महिने लघवी केशरी होते आणि गाठ असते तिथेच, वर वाढलेली. हे सहा महिने कुणाच्या खात्यावर मांडायचे?

सुईतून निघतो तो शेवईच्या तुकड्याएवढा पांढुरका धागा, फॉर्मालिनच्या बाटलीत तळाला बसलेला. टीबी की कॅन्सर, आणि कॅन्सर असेल तर ईजीएफआरसारख्या जनुकांत बदल आहे का, म्हणजे गोळी चालेल का, हे तोच सांगतो. उलटलेल्या आजारात तर जुन्या रिपोर्टवर भागत नाही. पेशींनी मधल्या काळात रंग बदललेला असू शकतो.

सही करण्याआधी दोनच गोष्टी विचारा: गाठ आवरणाला टेकली आहे का, आणि या रिपोर्टने उपचार बदलणार आहेत का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर सुई नको म्हणा.