बाबांची गाडी, आणि आईची?

इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या अँबरगेट गावी २०२१ मध्ये जुन्या ब्रिटिश मोटारींचं एक संग्रहालय सुरू झालं. मॉरिस मायनर, मिनी अशा गाड्या तिथं नुसत्या लांबून बघायच्या नाहीत, तर पैसे भरून स्वतः चालवायच्या, अशी सोय ठेवली गेली. उपक्रमाचं नावही मजेदार, 'बाबांची गाडी चालवा'!

कल्पना गोड आहे. लहानपणी जिच्या मागच्या सीटवर आपण पेंगलो, तिचंच स्टिअरिंग हातात घ्यायचं. पण मैत्रिणींनो, माझ्या मनात आलं, आईची गाडी कुठंय?

आमच्या आकुर्डीचंच बघा ना. १९७२ मध्ये आलेली बजाजची चेतक इथल्याच कारखान्यात तयार व्हायची. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. आपल्या आयाही त्या स्कूटरवर बसल्या, पण मागे, पाय एका बाजूला सोडून, मांडीवर लेकरू आणि हातात भाजीची पिशवी घेऊन. कित्येक घरांत तर ती लग्नाच्या याद्यांत मागून घेतलेली असायची. म्हणजे पैसे मुलीच्या बापाचे, गाडी जावयाची आणि मुलगी मागच्या सीटवर! आता काही ठिकाणी स्कूटरऐवजी चारचाकी मागतात, एवढाच काय तो फरक.

डाव्या मुठीत गिअर, पायानं किक. 'बायकांना झेपायची नाही' हे ठरलेलं उत्तर. हंडे-कळश्या मात्र झेपत होत्या! पुण्याच्या कायनेटिकची बिनगिअरची लुना आली, तेव्हा कुठं अनेकींच्या हाती हँडल आलं.

कारखान्याचं दारही असंच बंद होतं. १९७४ मध्ये टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि नोकरी मिळवली. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात फक्त स्त्रिया मोटारी जोडत असल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आपण वाचल्या. त्याच वर्षी आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा नवा कारखानाही सुरू झाला.

म्हणून वाटतं, या उद्योगनगरीतही असं एक संग्रहालय असावं. तिथं जुनी चेतक काचेआड ठेवू नये. साठीतल्या आजीबाईंनाही पदर खोचून किक मारू द्यावी. झेपतं की नाही, हे हात लावल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्याला कुणी हातच लावू दिला नव्हता.

पण संग्रहालय होईपर्यंत थांबायचं कशाला? आजच घरात बघा. गाडीच्या कागदपत्रांवर नाव कुणाचं आहे? लायसन्स कुणाकडे आहे? आणि किल्ली रोज कुणाच्या खिशात जाते? मुलाला अठरा वर्षं पूर्ण होताच आपण लायसन्स काढून देतो. लेकीलाही त्याच वयात काढून द्या. आणि हो, तिच्याबरोबर स्वतःचाही फॉर्म भरा!