बाणाकृती गिटार व डावा हात

वह्या तपासताना शेवटच्या पानावर काय आढळेल याचा नेम नसतो. गतवर्षी एका वहीत भूमितीच्या आकृतीशेजारी दुसरीच एक आकृती आढळली: मागे दोन टोकदार पंख असलेली, इंग्रजी ‘व्ही’ अक्षर उलटे धरल्यासारखी एक गिटार. रागावण्यापूर्वी चौकशी करावी म्हणून आम्ही त्या वाद्याचा इतिहास पाहू लागलो, आणि अखेर रागावण्याचे राहूनच गेले. त्या इतिहासात शिक्षकांनी व पालकांनी घ्यावा असा बोध आहे, अशी आमची खात्री झाल्यामुळे तो येथे सादर करीत आहोत.

सामान्य गिटारीचे पोट पोकळ असते, व त्यास कारण आहे. तार एकटी फारच क्षीण वाजते. तिचा कंप लाकडी पेटीतील हवेस मिळाला म्हणजेच नाद खोलीभर पसरतो. विजेच्या गिटारीत हे काम पेटीकडे नसते. पोलादी तारांखाली चुंबक व त्यांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसविलेले असते. तार कंप पावली की वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व ध्वनिवर्धक त्यास मोठे करतो. अर्थात् पेटीची गरज संपली, आणि पेटीबरोबर तिच्या आकाराचे बंधनही गेले. तरीही कारागीर भरीव लाकूड बहुधा जुन्याच वळणावर कापीत राहिले, कारण डोळ्यांस तीच सवय होती.

अमेरिकेतील मिशिगन प्रांतात कॅलमझू या गावी १९०२ साली स्थापन झालेली गिब्सन कंपनी जुन्या वळणाची अभिमानी. परंतु १९५० पासून कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या भरीव गिटारी बाजारात आल्या, आणि गिब्सन म्हणजे जुनाट घराणे असा बोलबाला होऊ लागला. कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांस ते झोंबले. त्यांनी तीन अपूर्व आकृत्या सिद्ध करविल्या, आणि १९५८ साली त्यांतील दोन विक्रीस आल्या: बाणाच्या पिसांप्रमाणे मागे दुभंगलेली ‘फ्लाइंग व्ही’ व तिरप्या कोनांची ‘एक्सप्लोरर’. दोन्ही पश्चिम आफ्रिकेतील लिंबा नावाच्या फिकट लाकडाच्या. व्यापारात त्यास कोरिना म्हणत. बसून वाजविताना फ्लाइंग व्ही मांडीवरून घसरे, म्हणून तिच्या कडेला रबराची पट्टी लावावी लागली. ग्राहकांनी पाठ फिरविली. पहिल्या खेपेच्या फ्लाइंग व्ही शंभरसुद्धा बाहेर पडल्या नाहीत, एक्सप्लोरर तर त्याहून थोड्या. आणि १९५९ च्या सुमारास हा उद्योग आवरता घेण्यात आला.

पण त्या थोडक्या गिटारींपैकी एक आल्बर्ट किंग याच्या हाती पडली होती. १९२३ साली मिसिसिपी प्रांतात जन्मलेला हा कृष्णवर्णीय गायक चर्चमधील भजने गात वाढला. तो डावखुरा होता. उजव्या हाताच्या वादकासाठी केलेली गिटार डावखुऱ्याने उलटी धरली की तिची खाच वरच्या अंगास जाते व बोटांस अडथळा होतो. फ्लाइंग व्हीचे दोन्ही पंख सारखे. ती कशीही फिरवा, आकार तोच. आल्बर्टने तारांचा क्रमही बदलला नाही. बारीक तारा वर व जाड तारा खाली, अशीच तो वाजवी. आणि इतर वादक जी तार वर ढकलून स्वर चढवीत, ती तो खाली खेचून चढवी. त्या खेचण्यातून जो आर्त स्वर निघे, त्याचे १९६७ सालच्या त्याच्या ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ या ध्वनिमुद्रिकेनंतर एरिक क्लॅप्टनसारख्या नामांकित वादकांनी अनुकरण केले. त्याच वर्षी जिमी हेंड्रिक्स या दुसऱ्या डावखुऱ्याने फ्लाइंग व्ही हाती घेतली, आणि त्याच वर्षी कंपनीने ती महोगनी लाकडात पुन्हा विक्रीस आणली. आज १९५८ सालच्या नगास लक्षाहून अधिक डॉलर मोजणारे संग्राहक आहेत.

यावरून जे जे विचित्र ते ते थोर, असा सिद्धांत कोणी काढील. आमचे मत तसे नाही. तिसरी आकृती ‘मॉडर्न’ ही १९८२ पर्यंत बाजारातच आली नाही, व आल्यावरही तिला तशी कीर्ती लाभली नाही. पैसाही येथे प्रमाण नव्हे. काचेच्या कपाटातील गिटार लक्ष डॉलरांची असली तरी मुकीच. आमचे म्हणणे इतकेच की, परीक्षा कामावरून व्हावी, आणि परीक्षेस पुरेसा अवधी मिळावा.

हे आम्ही अधिकाराने नव्हे, पश्चात्तापाने लिहीत आहोत. अध्यापनाच्या पहिल्या वर्षांत आमच्या वर्गातील एक मुलगी डाव्या हाताने लिहीत असे. अक्षर सुबक, उत्तरे नेमकी. तरी ‘हे वळण बरे नव्हे’ म्हणून आम्ही तिच्यावर उजव्या हाताची सक्ती केली. वर्ष संपेतो तिचे अक्षर बिघडले, आणि ती फळ्याजवळ येण्यास भिऊ लागली. तिचा काही अपराध नव्हता. आमच्या डोळ्यांची सवय तेवढी मोडली होती. पवित्र शास्त्र शिकविणाऱ्या आम्हांस हे तरी स्मरावयास हवे होते की, इस्राएलाच्या सुटकेसाठी देवाने उभा केलेला एहूद डावखुरा होता, आणि बन्यामिनी लोकांत सातशे निवडक डावखुरे गोफणदार होते.

पालकहो, जेवताना व देताघेताना उजवा हात वापरावा हा घरचा शिष्टाचार आम्ही जाणतो, व तो मोडावा असे सुचवीत नाही. परंतु लेखणी, कुंचला, चेंडू व वाद्य यांस शिष्टाचार ठाऊक नसतो. त्यांस कुशल हात तेवढा हवा. जो हात देवाने कुशल केला, तो आपण बांधू नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, शेजारच्या बाकावरील मुलाची रीत निराळी दिसली, तर हसण्यापूर्वी तो काय करतो ते पाहावे.

राहिली ती वही. तिच्यावर आम्ही एवढाच शेरा मारला: ‘गिटारीचे दोन्ही पंख सारखे नाहीत, कंपास घेऊन पुन्हा काढावी.’