पेरिक्लीसचा कायदा, पेरिक्लीसचा मुलगा

अथेन्सच्या लोकशाहीचं कौतुक निघालं की पेरिक्लीसचं नाव येतंच. खटले ऐकायला बसणाऱ्या नागरिकांना भत्ता त्यानं सुरू केला, त्यामुळे हातावर पोट असलेल्यालाही न्यायनिवाड्याला बसणं परवडू लागलं. त्याच पेरिक्लीसनं इ.स.पू. 451च्या सुमारास जनसभेकडून एक कायदा करून घेतला: आई आणि बाप दोघंही अथेन्सचे, तरच मूल नागरिक. तोवर बाप पुरत असे. हा नियम आधीपासून असता तर लोकशाहीचा पाया घालणारा क्लेस्थेनिसच बाहेर राहिला असता. त्याची आई सिक्योनची!

नागरिकांची संख्या फार वाढली म्हणून कायदा केला, असं ॲरिस्टॉटलच्या नावावरचा ग्रंथ सांगतो. मला मात्र त्यात भत्त्याचा वास येतो. पंगत बसली की पानं मोजणारे येतातच. काही वर्षांनी इजिप्तहून धान्याची भेट आली, तेव्हा याद्या तपासून जवळपास 5000 नावं कापली, असं प्लुटार्क लिहितो. आकडा खरा-खोटा कसाही असो, तपासणीची वेळ बघा.

पुढे पेरिक्लीस मिलेटसच्या अस्पाशियासोबत राहू लागला. ती परक्या गावची. त्यांना मुलगा झाला, त्याचंही नाव पेरिक्लीस. आणि बापाच्याच कायद्यानं तो नागरिक नव्हता. मग अथेन्समध्ये साथ आली. पहिल्या बायकोचे दोन्ही मुलगे गेले. ज्याच्या शब्दावर सभा हलत असे, तो सभेची विनवणी करू लागला, की या पोराला आपल्यात घ्या. सभेनं घेतलं. कायदा मात्र जागच्या जागी राहिला.

पोरगा मोठा होऊन सेनापती झाला. इ.स.पू. 406 मध्ये आर्गिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सनं जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही. खवळलेल्या जनसभेनं आठ सेनापतींना एकाच मतदानात देहदंड दिला, एकेकाचं म्हणणं वेगळं न ऐकता. सभेचं कामकाज चालवणाऱ्यांत तेव्हा सॉक्रेटिस होता. हे कायद्याला सोडून आहे, म्हणत तो अडून बसला, कोण ऐकतो? हाती लागलेल्या सहा जणांना मारलं, त्यांत धाकटा पेरिक्लीस होता. पुढे सभेला पस्तावा झाला आणि लोकांना भडकवणाऱ्यांवरच खटले भरायचं ठरलं.

ही आरमारी लढाई ज्या लांबलेल्या युद्धातली, त्यात माणसं कमी पडू लागल्यावर बापाचा तो कायदा सैल झाला होता. मध्यंतरी उलथवली गेलेली लोकशाही इ.स.पू. 403 मध्ये परत आली आणि तो पुन्हा लागू झाला.